चार वाजताचं राज्य

दुपारचे चार वाजले की यमुताईंच्या राज्यात उजाडायला सुरुवात व्हायची.

बाहेर महाल वस्तीतल्या गल्लीत तेव्हा ऊन कलतीला लागलेलं असे. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मुगवड्या कुणी तरी गोळा करत असे, आणि आतल्या खोलीत त्यांचे यजमान सुमंतराव वर्तमानपत्र तोंडावर घेऊन घोरत असत. यमुताई हातपाय धुऊन, देवापुढे उदबत्ती लावून, कानांवर हेडफोन चढवून संगणकापुढे बसत. पडदा काळाकुट्ट. मधोमध एवढंसं घर, तीन शेतकरी आणि घोड्यावर बसलेला एक टेहळ्या. घोड्यानं पाऊल उचललं की पावलापुरतं जग दिसू लागे. आधी एक नाला, मग चरणारी हरणं, मग दाट झाडी, झाडीआड चमकणारी सोन्याची खाण. घोडा पुढे गेला की मागचं पुन्हा धूसर होई. झाडं दिसत, पण त्या झाडांमागे आत्ता या घडीला काय चाललंय ते दिसत नसे. त्या धूसरपणाला सगळे खेळाडू धुकं म्हणत.

खेळाचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. यमुताई त्याला नुसतं ‘राज्य’ म्हणत. शेतकऱ्यांकडून लाकूडफाटा, धान्य, सोनं गोळा करायचं, गाव वसवायचं, फौज उभी करायची आणि पलीकडच्याचं गाव घ्यायचं. पण पलीकडचा तुमची पाळी येईस्तोवर थांबत नाही. बुद्धिबळात समोरचा डोकं खाजवत बसला तर आपली सुपारी कातरून होते. इथे ती सोय नाही. तुम्ही लाकूड तोडत असता त्याच क्षणी, न दिसणाऱ्या जागी, कुणी तरी भाला घडवत असतो.

हा संगणक त्यांच्या भाचीचा, वैदेहीचा. नोकरीसाठी बंगळूरला जाताना ती तो इथेच ठेवून गेली आणि जाता जाता मावशीला खेळ शिकवून गेली. पहिले दोन महिने यमुताई यंत्राशीच खेळल्या. पण यंत्राला हरल्याची लाज नाही की जिंकल्याचा माज नाही. त्याच्याशी खेळणं म्हणजे रिकाम्या मांडवात कीर्तन. मग एक दिवस त्यांनी बिचकत बिचकत माणसांशी खेळायचं बटण दाबलं आणि त्यांच्या लक्षात आलं, पलीकडे माणूस असला की धुक्याला श्वास येतो. आपण त्याचा विचार करतोय, तो आपला करतोय. ओळख ना पाळख, आणि घटकाभर एकमेकांच्या मनात घर.

हात मात्र पहिल्यापासून चपळ होते. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून गेलेली. एका कानात गोंदिया, दुसऱ्यात मुंबई, दोन्ही हातांत जोडणीच्या दोऱ्या, आणि तोंडानं ‘थांबा, जोडून देते’. पाच गावं एका वेळी सांभाळायची सवय हाडीमासी मुरलेली. निवृत्तीनंतर ती सवय कुठे ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं.

दुसरी सवय कीर्तनाची. गिरिधरबुवांच्या कीर्तनात यमुताई वीस वर्षं झील धरत होत्या. बुवांच्या मागे झांज घेऊन उभं राहायचं, बुवांनी पद सोडलं की ते झेलायचं, घोळवायचं आणि पुन्हा त्यांच्या हाती द्यायचं. झीलकऱ्याचा धर्म दोन ओळींचा: पद जमिनीवर पडू द्यायचं नाही, आणि बुवा बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. खेळात टोपणनाव विचारलं तेव्हा त्यांनी टाकून दिलं, ‘झील’.

त्या नावामुळेच तर गंमत झाली. वर्षापूर्वी खेळानं आपणहून जोडी लावली आणि कानात एका तरुणाचा आवाज आला, “हॅलो, झील भाऊ?”

“नमस्कार,” यमुताई म्हणाल्या.

तो गडबडला. मग अदबीनं, “मावशी, खेळणारा कुठं हाय? त्याले बोलवा ना जरा.”

“खेळणारा मीच आहे बाप्पा. तुझ्या उजव्या अंगाला घोडे येऊन राहिलेत, ते बघ आधी.”

तेव्हापासून ते दोघं. नागसेन हिंगण्याच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला होता. साडेतीनपर्यंत कंपनीच्या बसनं घरी येई, दोन घास खाई आणि चारला हजर. “जय भीम, मावशी.” “राम कृष्ण हरी, बाळा.” एवढं झालं की दोघांचे टेहळे धुक्यात निघत. वर्षभरात एकमेकांना पाहिलं नव्हतं, पण नागसेनच्या आईचा गुडघा कधी दुखतो, सुमंतराव कोणत्या भाजीला नाक मुरडतात, हे लढाया लढता लढता एकमेकांना ठाऊक झालं होतं. हल्ला नागसेन करी. यमुताई मागून त्याला धान्य पुरवत, भिंती बांधत, त्याची पडझड सावरत. तो पद टाकी, त्या झेलत.

शहरातल्या काही हौशी मुलांनी जोड्यांची एक लीग काढली होती. वरचा गट, खालचा गट. ही जोडी वरच्या गटात होती, पण अगदी उंबरठ्यावर. बुधवारी खेळ संपल्यावर नागसेन घुटमळला.

“मावशी, एक गोष्ट सांगू का? रागावू नका.”

“सांग.”

“एका चौघांच्या टीमनं मले विचारलं. पुण्याले स्पर्धा हाय, बंगळूरले हाय. त्यांची प्रॅक्टिस बी चारलेच असते. म्या सांगितलं, येत्या रविवारी आमची शेवटची मॅच हाय. जिंकलो तर आम्ही वरच्या गटात राहतो, मग मी मावशीसंगच खेळीन. हरलो तर खालच्या गटात जाऊन मजा नाही… मग पाहू म्हटलं.”

“बरोबर सांगितलंस,” यमुताई म्हणाल्या. हेडफोन काढून ठेवताना त्यांना कानांना एकदम थंडी वाजल्यासारखं वाटलं.

*

शुक्रवारी संध्याकाळी देवळात कीर्तन होतं. पूर्वरंगात बुवांनी नामाचा महिमा सांगितला, मध्यंतरात बुक्का लागला, हार पडले, आणि उत्तररंगात बुवांनी युद्धाचं आख्यान लावलं. कार्तिकातला गारवा, समईची ज्योत, पेटीचा एकच लांबलेला सूर. बुवा म्हणाले, “आणि त्या अरण्यात दोन्ही दळं एकमेकांना दिसेनात…” आणि यमुताईंच्या डोळ्यांपुढे सभामंडपच विरून गेला. खांबांची झाडी झाली. बायकांच्या पदरांचा हिरवा-जांभळा नकाशा पसरला. उदबत्तीचा धूर खाली उतरला आणि त्यात त्यांचा घोडा पाय न वाजवता चालू लागला. कुठे तरी पुढे, धुरापलीकडे, दोन अनोळखी माणसं त्यांचाच विचार करत बसली होती. किती गोड भीती वाटत होती.

झांज हातातच राहिली. बुवांनी पद सोडलं आणि ते खाली पडलं. वीस वर्षांत पहिल्यांदा.

कीर्तन आटोपल्यावर त्यांनी बुवांचे पाय धरले. “बुवा, चुकले. मन थाऱ्यावर नव्हतं.”

“कुठे होतं?”

“लढाईत.”

“आख्यानही लढाईचंच होतं की!”

“दुसऱ्या लढाईत होतं. संगणकावरच्या.”

बुवांनी उपरणं सारखं केलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “जिंकता का?”

“कधी कधी.”

“मग झालं तर. समोर बसलेल्यांत निम्मे जण सोयाबीनच्या भावात होते. तुम्ही निदान लढाईत तरी होतात.” मग जरा थांबून म्हणाले, “पण पद पडलं बरं का यमुताई. मला ते उचलायला वाकावं लागलं. या वयात!”

*

रविवारी तीन वाजता सामना. तीन डावांतले दोन जिंकायचे. समोरची जोडी बहीणभावाची, रितिका आणि ओमप्रकाश. कळमन्याच्या बाजारात त्यांच्या घरची संत्र्यांची आडत. सामना सुरू होण्याआधी चौघांना दोन शब्द बोलता येत.

“आंटी, प्रणाम,” रितिका म्हणाली. “आज सोडणार नाही हं तुम्हाला.”

“सोडू नकोस. सोडलंस तर मला वाईट वाटेल,” यमुताई म्हणाल्या. नागसेन खो खो हसला.

सुमंतरावांनी दाराशी येऊन पाहिलं. “कुणाशी युद्ध?”

“कळमन्याशी.”

“भाव पाडून या,” म्हणाले आणि आत गेले.

पहिला डाव. नागसेन आज भलताच रंगात होता. त्याचे घोडे नाला ओलांडून गेले होते आणि तो एकसारखा बोलत होता. “हे पाहा मावशी, मी इकडून शिरतो, तुम्ही धान्य द्या, त्यांची खाण उघडी हाय, आता पाहाच, एका झटक्यात…” त्याच्या बोलण्याला अशी लय होती, की कीर्तनात आख्यान ऐन भरात आल्यासारखं वाटावं. आणि त्याच वेळी यमुताईंना डाव्या कडेला धुकं हललेलं दिसलं. आधी एक भाला. मग दहा. मग ओळच्या ओळ. ते निघाले होते नागसेनच्या लाकूडतोड्यांकडे, जिथे एकही राखण नव्हती.

सांगायचं त्यांच्या ओठांवर आलं. पण तो बोलत होता. वाक्य संपू दे, म्हणून त्या थांबल्या. वाक्य संपलं नाही. एकातून दुसरं निघालं. यमुताई श्वास धरून समेची वाट पाहत राहिल्या, आणि भाले झाडीत पोचले.

डाव वीस मिनिटांत गेला.

“ते कुठून आले?” नागसेनचा आवाज पार उतरला होता. “दिसले कसे नाही कोणाले?”

“मला दिसले होते.”

“मग काहून नाही बोलल्या?”

“तू बोलत होतास.”

नागसेनला हसावं की रडावं कळेना. “अवं मावशी! मी काय तिथं महाराज होऊन बसलो का? अंगावर फौज येऊन राहिली अन् तुम्ही मान डोलावून राहिल्या!”

“तशी सवयच आहे रे. वीस वर्षांची.”

 मग नागसेन शांतपणे म्हणाला, “आपण उलटं करू. या डावात तुम्ही बोला, मी ऐकतो. तुमाले माझ्याहून जास्त दिसते. माझा घोडा जिथं जाते तेवढंच मले दिसते. तुम्ही सारा नकाशा पाहून राहता.”

“मला आघाडीला उभं राहता येत नाही, बाळा.”

“मग टेलिफोनवर कोण होतं? तिथं बी मागंच उभ्या होत्या का?”

दुसऱ्या डावाला यमुताईंनी तोंड उघडलं तेव्हा आवाज कापत होता. “नागसेन, उत्तरेला दोन शेतकरी पाठव.” त्यानं पाठवले. “घोडे मागे घे.” घेतले. “आता थांब. अजून थांब. आता सोड.” हळूहळू कंठ मोकळा झाला. दोऱ्या हातात आल्या. गोंदिया, मुंबई, डावी झाडी, उजवा नाला, सगळ्या गावांचे आवाज एकदम कानात, आणि प्रत्येकाला एकेक वाक्य. नागसेन फक्त “हो मावशी” म्हणत होता, पण त्या ‘हो’मध्ये असा काही पाठिंबा होता की यमुताईंना मागं उभं राहणाऱ्याचं मोल पहिल्यांदा पुढून कळलं. पस्तिसाव्या मिनिटाला समोरच्यांनी शस्त्रं ठेवली. रितिकानं लिहिलं, ‘आंटी, हे काय होतं?’

एक-एक. आता तिसरा.

या डावाचा नकाशाच स्वप्नात पाहिल्यासारखा निघाला. मधोमध नुसतं जंगल, जाड आणि अखंड, दोन राज्यांच्या मध्ये हिरव्या झोपेसारखं पडलेलं. सगळे खेळाडू अशा जंगलाला वळसा घालतात. यमुताई बराच वेळ त्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “नागसेन, आपण यातून जाऊ.”

“यातून रस्ता नाही ना.”

“करू. सहा लाकूडतोडे दे. तसंही लाकूड लागणारच आहे.”

कुऱ्हाडी चालू लागल्या. एकेक झाड पडत होतं, धुकं एकेक हात मागं सरत होतं. रितिकाची फौज दोन्ही वाटांवर पहारा देत फिरत होती, आणि मधून, कुणालाही न दिसता, एक पायवाट तिच्या दाराकडे उमलत चालली होती. यमुताईंना वाटलं, हे असंच चालावं. जिंकणं नको, हरणं नको, नुसतं हे झाडांतून जाणं. कानात नागसेनचा श्वास, पुढे न पाहिलेलं गाव, आणि गावात जागं असलेलं कुणी तरी. खिडकीतून आलेलं ऊन कळफलकावर पडलं होतं आणि त्यांची बोटं त्यात पोहत होती.

“मावशी, शेवटचं झाड,” नागसेन पुटपुटला.

“आता बोलू नकोस. जा.”

घोडे रितिकाच्या गावात मागच्या अंगानं शिरले. तिची शेतं गेली, कोठारं गेली, बुरूज गेला. गाव पडणार, एवढ्यात यमुताईंना त्यांच्या स्वतःच्या राज्यात, पार पूर्वेला, जमीन हलल्यासारखं दिसलं.

ओमप्रकाश. सगळ्या डावात त्यानं एकही शिपाई हलवला नव्हता. तो नुसता आपल्या बाजारात बसला होता, लाकूड विकून सोनं घेत होता, सोनं विकून लोखंड. कळमन्याचाच माणूस तो. भाव पडला की घ्यायचं, चढला की सोडायचं. आणि आता त्याचे हत्ती निघाले होते. एकापाठोपाठ एक, चाळीस.

“नागसेन, पूर्वेला हत्ती! घोडे परत आण!” या खेपेला त्या एक क्षणही थांबल्या नव्हत्या. पण घोड्यांना परत यायला ती लांब, अरुंद, स्वतःच तोडलेली पायवाट होती. ते झाडांतून धावत राहिले आणि इकडे भिंती बसत गेल्या. यमुताईंनी शेतकऱ्यांच्या हाती भाले दिले, बुरुजांवर माणसं चढवली, शेवटचं सोनं मोजून टाकलं. चार मिनिटं त्यांनी राज्य असं धरून ठेवलं, की ओमप्रकाशलाही खेळात लिहावंसं वाटलं, ‘वा’.

मग त्यांचं राज्य पडलं, पाठोपाठ एकट्या उरलेल्या नागसेनचंही, आणि सगळं थांबलं. पडद्यावर हार आली.

वरचा गट सुटला होता.

*

बराच वेळ कुणी हेडफोन काढला नाही. नागसेनच्या घरामागून सायकलच्या घंटीचा आवाज आला, मग तोही गेला.

“चुकी झाली का माझी? जंगलातून न्यायला नको होतं का?” यमुताईंनी विचारलं.

“काय बोलता! तसा रस्ता मी आयुष्यात नाही पाहिला.” तो थांबला. “मावशी… मग आता त्या टीमले…”

“हो म्हणून सांग.”

“तुम्ही नाराज होणार.”

“होईन की. चांगली होईन. कीर्तनाचा सप्ताह संपून मांडव उतरवायला लागले की मला अजून रडू येतं, साठी उलटली तरी. म्हणून काय मांडव तसाच ठेवायचा का?”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“अन् ऐक. तिथे गेलास की एकसारखा बोलू नकोस. मध्ये मध्ये श्वास घेत जा. दुसऱ्याला काही दिसलेलं असतं.”

“हो मावशी.”

“अन् पुण्याला जाताना घरी येऊन जा. वर्ष झालं, तुझं तोंड नाही पाहिलं मी. मुगवड्यांची भाजी करीन.”

“सुमंतकाका नाक मुरडतात ना तिच्यावर?”

“मुरडू देत. त्यांना नाकच तेवढं दिलंय देवानं.”

तो हसला. “जय भीम, मावशी.”

“राम कृष्ण हरी, बाळा.”

*

सोमवारी चार वाजता यमुताईंनी संगणक लावला नाही. तुळशीची वाळकी पानं खुडली, डबे पुसले, एकदा पुसलेले पुन्हा पुसले. सव्वाचारला त्या नुसत्याच खुर्चीवर जाऊन बसल्या. साडेचारला, काही नाही, फक्त बघावं म्हणून, खेळ उघडला.

रितिकाचा निरोप पडून होता. चार वाजताचा.

‘आंटी, तो जंगलातला रस्ता तुम्ही नेमका कधी सुरू केला? मी अन् दादानं मॅच तीनदा परत पाहिली. मी दोन्ही वाटांवर उभी होते अन् तुम्ही मधून आल्या. सकाळपासून आडतीत बसून तेच डोक्यात घुमून राहिलं. दादा म्हणते जिंकलो ना, सोड. मला नाही सुटत. आज एकट्या खेळता का माझ्याशी? एकास एक.’

यमुताईंनी निरोप दोनदा वाचला. त्या कळमन्यात, संत्र्यांच्या ढिगांत, हमालांच्या आरडाओरड्यात एक मुलगी सकाळपासून त्यांच्या सहा लाकूडतोड्यांचा विचार करत होती. काल जिच्या गावाला यांनी आग लावली तीच. असं कुणी यांच्या मनाचा माग काढत कधी बसलं होतं? वैदेही लेकीसारखी, पण तीसुद्धा फोनवर ‘जेवलीस का’ इतकंच विचारते.

एकास एक त्या कधीच खेळल्या नव्हत्या. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. पद टाकणारं नाही, झेलणारं नाही.  रितिका आपल्याला हरवणार, हे तर उघडच होतं. पोरगी तरबेज होती.

त्यांनी लिहिलं, ‘अर्धा तास उशीर झालाय. तरी आहेस का?’

तत्क्षणी उत्तर आलं. ‘इथंच बसून हाय.’

पडदा काळा झाला. मधोमध एवढंसं घर, तीन शेतकरी, एक घोडा. हेडफोनमध्ये आज कुणाचाच आवाज नव्हता. नुसती शांतता, आणि त्या शांततेला पलीकडून कुणी तरी कान लावून बसल्यासारखं वाटत होतं. यमुताईंनी घोडा सोडला. आधी गवत उजळलं, मग दगड, मग पाण्याची एक वळणदार रेघ. पाण्यापाशी पोचल्यावर पलीकडचं धुकं हललं आणि त्यातून दुसरा घोडा बाहेर आला. रितिकाचा. दोन्ही टेहळे काठांवर समोरासमोर उभे राहिले. लढाईला अजून वेळ होता. दोघींजवळ काठीसुद्धा नव्हती.

मग रितिकाचा घोडा वळून झाडीत शिरला, दाट झाडीत, जिथे रस्ता नव्हता.

“अस्सं,” यमुताई मोठ्यानं म्हणाल्या, आणि तिन्ही शेतकऱ्यांना कुऱ्हाडी उचलायचा हुकूम घराकडे धाडला.